फोटो काढणारी

दसऱ्याला फोटो कोणी काढायचा, हा प्रश्न परळच्या कंट्रोल रूममध्ये कधी पडलाच नाही. दीपिका गमरे होती ना. ती पूजेला उभी राहायची नाही, म्हणजे मोकळीच की. तिला कुणी "तू येऊ नको" असं कधी म्हटलं नव्हतं. असं कोण म्हणतं हो आताशा, मुंबई शहर आहे. फक्त सगळे जण कॉम्प्युटरसमोर ओळीत उभे राहिले की कुणाचाच मोबाईल खिशातून बाहेर यायचा नाही आणि सगळ्यांचे डोळे तिच्याकडे वळायचे. "दीपिका, तुझा कॅमेरा मस्त आहे गं." तिचा फोन साधाच होता. पण तिलाही ते बरं पडायचं. त्या दिवशी तिच्या घरी पांढरी साडी नेसून आई विहारात जायची, त्यांचा सण निराळा. पूजेला उभं राहिलं तरी कारण सांगा, नाही राहिलं तरी कारण सांगा. फोटो काढणाऱ्याला कुणी काही विचारत नाही.

पूजा कसली, तर कॉम्प्युटरची. यात हसण्यासारखं काही नाही. या भागातल्या गिरण्यांत दसऱ्याला कापड विणायच्या साच्यांना झेंडूच्या माळा लागायच्या, नारळ फुटायचा, पेढे वाटले जायचे. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी काचेचे टॉवर आले, पण गिरणीवाल्यांची मुलं जिथे नोकरीला लागली तिथे यंत्राची पूजा सोबत घेऊन गेली. कंट्रोल रूमचे मुख्य हेरंब परुळेकर त्यातलेच. वडील लालबागच्या गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, हे वीज कंपनीत सहायक अभियंता. "ज्याच्यावर पोट चालतं त्याला वर्षातून एकदा तरी हात जोडावेत," असं म्हणायचे, आणि ते मनापासून असायचं. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसांचं एक बरं असतं, त्यांच्यापासून आपण सावध तरी राहतो.

आता ही खोली काय करायची ते सांगितलं पाहिजे. चार वर्षांपूर्वी कंपनीने 'हरित लालबाग' नावाची योजना आणली. चाळींच्या गच्च्यांवर सौर पॅनेल बसले, घरोघरचे जुने मीटर निघाले आणि स्मार्ट मीटर आले. कुठे किती वीज लागते, गच्चीवरून किती येते, हे सगळं परळच्या एका मोठ्या स्क्रीनवर दिसायचं. प्रत्येक मीटर म्हणजे नकाशावरचा एक हिरवा ठिपका. पूर्वी वीज तोडायला माणूस शिडी घेऊन यायचा. त्याला चहा पाजून दोन दिवसांची मुदत मागता यायची. आता परळला बसून एक बटण दाबलं की लालबागच्या तिसऱ्या मजल्यावरचा पंखा थांबतो, चहा बिहा काही नाही.

आणि या सगळ्या कारभाराची किल्ली एका पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलेली होती. मोठ्या स्क्रीनच्या खालच्या कडेला, सेलोटेपने चिकटवलेली.

तीन पाळ्या, अकरा माणसं आणि सगळ्यांना मिळून एकच लॉगिन. प्रत्येकाला वेगळं द्या म्हणून हेड ऑफिसला तीनदा कळवलं होतं म्हणे. ते येईपर्यंत काम तर थांबत नाही. त्यात ती सिस्टीम दर महिन्याला नवा पासवर्ड मागायची. परुळेकरांनी सोपा मार्ग काढला: बाप्पा, पुढे ते ॲटचं चिन्ह, आणि मागे एक दोन तीन. पुढच्या महिन्यात दोन तीन चार. रात्रपाळीवाले तरी विसरायचे आणि परुळेकरांना झोपेतून उठवायचे. म्हणून चिठ्ठी. वर हीच सिस्टीम बाहेरूनही उघडता यायची, कारण मीटर बसवणाऱ्या कंत्राटदाराला त्याच्या ऑफिसात बसून दुरुस्ती करायची असायची. म्हणजे घराला कुलूप भारी, मागचं दार रस्त्यावर, आणि किल्ली उंबऱ्यावर ठेवलेली.

दीपिकाला ते खटकायचं. ती कंत्राटावर होती, चौथं वर्ष चालू होतं, कायम करण्यासाठीच्या मुलाखती जानेवारीत होत्या आणि शिफारस परुळेकरांनी द्यायची होती. अशा माणसाने साहेबाच्या चुका काढायच्या नसतात. पण ती कोंडीराम गमऱ्यांची मुलगी. कोंडीराम गिरणीत रिंग खात्यात राबलेले. त्यांच्या वडिलांना साच्यावर घेतच नव्हते, धोट्याचा दोरा तोंडाने ओढायला लागायचा आणि महाराचं तोंड लागलेला धोटा बाकीच्यांना चालायचा नाही. असल्या घरात माणूस एक गोष्ट शिकतो: तोंडाचं बोलणं वाऱ्यावर जातं, कागद राहतो. कोंडीरामांनी नळासाठी अर्ज केले, संडासासाठी अर्ज केले, बुडालेल्या ग्रॅच्युइटीसाठी एकवीस वर्षं अर्ज केले. प्रत्येकाची पोच एका पत्र्याच्या पेटीत. "लेखी दे गो," हे त्यांनी मुलीला अआइईबरोबरच शिकवलेलं.

म्हणून एप्रिलमध्ये तिने परुळेकरांना मेल लिहिला. नीट, मान राखून. पासवर्ड सर्वांना दिसेल असा लावलेला आहे, खोलीत साफसफाईवाले, कंत्राटदाराची माणसं, पाहुणे येत असतात, कोणी बाहेरून शिरलं तर सगळे मीटर एकदम बंद करू शकेल, तरी चिठ्ठी काढावी आणि प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन मिळावं, ही विनंती.

दुसऱ्या दिवशी परुळेकर तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "काय गं, तीन फुटांवर बसतेस आणि मेल टाकतेस? तोंडाने सांगायचं ना."

"सर, म्हटलं रेकॉर्डला असावं."

"रेकॉर्ड." ते हसले, पण डोळ्यांत हसू नव्हतं. "बघू. लॉगिन आली की काढूच. तोवर राहू दे."

तोवर राहू दे म्हणजे राहिलीच. दीपिकाने पुन्हा विषय काढला नाही. आपलं काम केलं, लेखी दिलं, पोच आपल्याकडे आहे.

तर त्या दसऱ्याला श्रेया राणेने स्क्रीनखाली रांगोळी काढली. श्रेया कायम नोकरीत होती, दीपिकाच्याच वयाची, डबा दोघी एकत्र खायच्या. स्क्रीनला झेंडूची माळ चढली, कुंकवाची बोटं लागली, कीबोर्डवर आपट्याची पानं आली. परुळेकरांनी नारळ ठेवला. सगळे ओळीत उभे राहिले आणि दीपिकाने फोन वर धरला.

चिठ्ठी तिला दिसली. न दिसायला काय झालं, सहा महिने रोज तीच बघत होती. माळेच्या बरोबर खाली, पिवळ्यावर काळ्या शाईने बाप्पा. ती जरा डावीकडे सरकली, तर श्रेयाचं डोकं कापलं गेलं. पुढे जाऊन चिठ्ठी काढावी असं तिच्या मनात आलं. पण मधे रांगोळी होती, नारळ होता, उदबत्ती लावलेली होती. पहिल्या वर्षी तिने असंच मदत म्हणून पेढ्यांचं ताट उचललं होतं, तर श्रेयानेच ते हळूच तिच्या हातातून काढून घेतलं होतं. अगदी गोड हसून. तेव्हापासून पूजेच्या वस्तूंना ती हात लावत नव्हती.

"दीपिका, स्क्रीन पूर्ण येऊ दे हां," परुळेकर म्हणाले. "नकाशा दिसला पाहिजे. वर पाठवायचा आहे."

तिने तीन फोटो काढले आणि परुळेकरांना पाठवले. त्यांनी ते ग्रुपवर टाकले, हेड ऑफिसला टाकले, आणि संध्याकाळपर्यंत त्यातला एक कंपनीच्या जाहीर पानावर झळकला. खाली लिहिलेलं, हरित ऊर्जेला आमचं वंदन. हजारभर लोकांनी अंगठे दाखवले. फोटोत दीपिका अर्थातच नव्हती.

*

दिवाळीला आठ दिवस उरले होते. दुपारचे पावणेबारा, ऑक्टोबरचं ऊन कपाळ फोडतंय. लालबागच्या पिठाच्या गिरण्यांवर चकलीच्या भाजणीचे डबे घेऊन बायका रांगेत उभ्या होत्या. दीपिका आणि श्रेया स्क्रीनसमोर होत्या, परुळेकर आत जेवायला बसले होते. नकाशावर एक ठिपका लाल झाला. मग त्याच्या बाजूचा. मग अख्खी गल्ली.

"स्क्रीन गंडली का गं?" श्रेया म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजायला लागले. स्क्रीन ठणठणीत होती. कुणीतरी बाहेरून आत शिरून एकेका घराचा मीटर बंद करत सुटलं होतं. परुळेकर हात न धुता धावत आले, त्यांनी पासवर्ड टाकला, चुकला. पुन्हा टाकला, पुन्हा चुकला. शिरणाऱ्याने कुलूपच बदललं होतं. अकराशे बेचाळीस घरं आणि दुकानं बंद झाली आणि परळच्या खोलीतल्या माणसांना नुसतं बघत बसण्याखेरीज काही करता येईना.

दीपिकाची नजर नकाशाच्या एका कोपऱ्याकडे गेली. चांदोरकर चाळ. तिचं घर. चारही मजले लाल.

तिसऱ्या मजल्यावर रामदास मोरे राहायचे, तिचे रामदासकाका. गिरणीतला कापूस पस्तीस वर्षं छातीत गेलेला, आता नाकाला नळी आणि उशाशी ऑक्सिजनचं मशीन. विजेवर चालणारं. मीटर बदलताना चाळीत सह्या गोळा करायला दीपिकाच दारोदार हिंडली होती, आपली पोरगी कंपनीत आहे म्हणून लोकांनी न वाचता सह्या केल्या. रामदासकाकांची बायको रखमा तेवढी विचारत राहिली होती, "ह्यांचं मशीन नाय ना बंद पडायचं, बाय?" दीपिका म्हणाली होती, "उलट काकी, आता कधीच लाइट जाणार नाही. वर सूर्य आहे ना."

तिने आईला फोन लावला. "आई, काकांना खाली काढा. ऑक्सिजनची मोठी बाटली असेल तर लावा, नसेल तर टॅक्सी बघा."

"अगं पण ऊन आहे की," मीराबाई म्हणाल्या. "पॅनेल आहेत की वर. येईल आता लाइट."

"नाही येणार. लाइन मेली की पॅनेल पण बंद होतात. लाइनवर काम करणाऱ्याला झटका बसू नये म्हणून तसेच बनवलेले असतात. वेळ नको घालवू, आई."

हे तिने चाळीत कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सह्या घेताना सांगायची ही गोष्ट नव्हती. डोक्यावर सूर्य तळपत होता, गच्चीवर पॅनेल चकाकत होते, आणि खाली तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारा श्वासासाठी तडफडत होता. चार पोरांनी त्याला खुर्चीत बांधून जिन्यातून उतरवला. घरात एक लहान बाटली होती ती गल्लीच्या तोंडापर्यंत पुरली, पुढे गर्दीत टॅक्सी अडकली.

साडेतीन तास लागले. पन्नास वायरमन चाळीचाळींतून फिरले, मीटरखोल्यांत उकिडवे बसून त्यांनी ते हुशार मीटर बाजूला टाकले आणि सरळ वायरला वायर जोडली. त्या दिवशी परुळेकर स्वतः रस्त्यावर उतरून काम करत होते, घामाने शर्ट भिजलेला, आवाज बसलेला. ते खरंच राबले, ते नाकारण्यात अर्थ नाही. रामदास मोरे हॉस्पिटलात चार दिवस होते. पाचव्या दिवशी सकाळी गेले.

*

कोण शिरलं होतं ते कधीच कळलं नाही. कुणी म्हणे परदेशातून, कुणी म्हणे इथलाच कुणी रिकामटेकडा. पण कसं शिरलं ते दोन दिवसांत कळलं. हेड ऑफिसने सुरक्षेचा सल्लागार आणला, हितेंद्र शहा नावाचा, मऊ बोलणारा, इस्त्रीचा माणूस. त्याने कंपनीच्या जाहीर पानावरचा दसऱ्याचा फोटो मोठा करून दाखवला. झेंडूच्या माळेखाली बाप्पा स्पष्ट वाचता येत होता. फोटो टाकल्यापासून नवव्या दिवशी कुणीतरी तो नीट वाचला होता, एवढंच.

चौकशीच्या आदल्या दिवशी परुळेकरांनी दीपिकाला आणि श्रेयाला चहाला नेलं. भारतमाता सिनेमाच्या नाक्यावरच्या टपरीवर, ऑफिसपासून लांब.

"हे बघा," ते म्हणाले, "सगळ्यांनी एकच सांगायचं. चिठ्ठी होती, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. अकरा माणसांच्या लक्षात आलं नाही तर अकरा माणसांना काय फासावर देणार? एकेक मेमो मिळेल, प्रकरण संपेल. दीपिका, तुझा तो मेल मी काही दाखवणार नाही. तूही नको दाखवू."

"आणि विचारलं तर, सर?"

"कोण विचारणार? तो मेल तुला आणि मला माहीत. तुझी जानेवारीची शिफारस मी लिहून ठेवली आहे, वाचायची असेल तर वाच."

श्रेयाने हळूच दीपिकाचा हात दाबला. "ऐक ना यार. कशाला उगाच हिरो बनायचं."

दीपिका घरी आली तेव्हा चाळीत रामदासकाकांची तिरडी बांधत होते. रात्री तिने कोंडीरामांना सगळं सांगितलं. त्यांनी पेटी उघडली नाही, चष्मा लावला नाही, लगेच म्हणाले, "माणूस मेलाय. आता लक्षात आलं नाही म्हणशील? कागद आहे आपल्याकडे. दाखव."

"शिफारस जाईल, आप्पा."

"खऱ्याला कागदाचा आधार असला की कुणाचा बाप काही करू शकत नाही. दाखव."

तिलाही तेच वाटत होतं, हे इथे सांगून टाकलं पाहिजे. नुसती बापाची आज्ञा नव्हती ती. चार वर्षं ज्या खोलीत ती फोटो काढत आली होती, त्या खोलीत एकदा तरी सगळ्यांनी आपल्याकडे बघावं आणि म्हणावं, हिने सांगितलं होतं, ही हुशार होती. हा मोह तिला झाला. कुणाला होणार नाही?

चौकशी एसी खोलीत झाली. हितेंद्र शहा मधे, हेड ऑफिसचे दोघे बाजूला. श्रेयाचा जबाब आधीच झाला होता. तिने सांगितलं, मी रांगोळीत होते, मला चिठ्ठी वगैरे काही आठवत नाही. परुळेकरांनी सांगितलं, खोलीत रोज दहा माणसं येतात जातात, चिठ्ठी कुणी लावली ते सांगता येणार नाही. मग दीपिकाला आत बोलावलं.

तिने प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून मेलची प्रत काढून पुढे ठेवली. हितेंद्रने ती दोनदा वाचली. त्याचा चेहरा उजळला, आणि तिला क्षणभर वाटलं, आपण सुटलो.

"फार छान लिहिलंय, मॅडम," तो म्हणाला. "अगदी मुद्देसूद. म्हणजे धोका काय आहे हे तुम्हाला एप्रिलपासून पूर्ण माहीत होतं."

"हो. म्हणून तर कळवलं."

"कोणी बाहेरून शिरलं तर सगळे मीटर एकदम बंद करू शकेल, हे तुमचंच वाक्य आहे?"

"हो."

"मग सहा महिन्यांनी त्याच चिठ्ठीचा फोटो तुमच्या फोनवरून निघाला. तेव्हा तुम्हाला ती दिसली नाही?"

इथे ती खोटं बोलू शकली असती. दिसली नाही म्हटलं असतं तर वाकडं काय झालं असतं, बाकी दहा जण तेच म्हणाले होते. पण कागद दाखवून झाल्यावर माणसाला खोटं बोलता येत नाही, निदान गमऱ्यांच्या घरात नाही.

"दिसली," ती म्हणाली.

हितेंद्रने काहीतरी लिहून घेतलं. बाजूचे दोघे पहिल्यांदाच खुर्चीत सरळ बसले.

"सर, फोटो पानावर मी टाकला नाही. स्क्रीन पूर्ण घे असं मला सांगितलं होतं. चिठ्ठी मी लावलेली नाही."

"हो, हो, ते सगळं आम्ही नोंदवतोय," तो मऊपणे म्हणाला. "पण बाकीच्यांच्या बाबतीत तो निष्काळजीपणा आहे, मॅडम. त्यांना समजलंच नव्हतं. तुम्हाला समजलं होतं."

पत्र आठ दिवसांत आलं. धोक्याची पूर्ण जाणीव असूनही केलेलं कृत्य, म्हणून कंत्राट तात्काळ रद्द, पुढे कंपनीच्या कुठल्याही कामावर घेऊ नये. पुरावा म्हणून तिचाच मेल जोडलेला होता. परुळेकरांना समज देण्यात आली. बाकीच्यांना मेमो. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या: कंत्राटी महिला कर्मचाऱ्याच्या फोटोमुळे लालबाग अंधारात. दुपारी बारा वाजता अंधारात, पण ते जाऊ दे.

ओळखपत्र परत करायला ती गेली तेव्हा परुळेकर जिन्यापर्यंत सोडायला आले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि तेच तिला सगळ्यात जास्त झोंबलं. "तो मेल लिहिलाच नसतास ना पोरी," ते म्हणाले, "तर आज टिकली असतीस." श्रेया टेबलावरून उठली नाही. संध्याकाळी तिचा मेसेज आला, काळजी घे, आणि पुढे हात जोडलेले.

घरी कोंडीरामांनी पत्र वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. दीपिकाला वाटलं, आता म्हणतील, अपील लिहू, पेन आण. त्यांनी पत्राची घडी घातली, पेटीत ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. सत्तर वर्षांच्या माणसाचा विश्वास आपण मोडला, असं तिला वाटलं. खरं तर तो तिने मोडला नव्हता, पण त्या घरात हे सांगायला दुसरं कोण होतं?

*

चाळीत कुणी तिला टाकून बोललं नाही, तेही एक आश्चर्यच. फक्त नळावर ती आली की बायकांचं बोलणं थांबायचं. मीराबाई म्हणाल्या, "रखमाकडे जाऊन ये. आज ना उद्या जावंच लागेल."

रामदासकाकांचं पुण्यानुमोदन, इतरांकडे तेरावं असतं तसं, होऊन गेलं होतं. तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडंच होतं. मशीन अजून उशाशी होतं, त्यावर एक टॉवेल घातलेला. रखमा तांदूळ निवडत बसली होती. तिने वर पाहिलं आणि सरकून जागा केली.

"बस गो. चाय घेशील?"

"नको, काकी."

दीपिकाने फोल्डर आणला होता. का आणला, तिलाच ठाऊक. तिने मेलची प्रत बाहेर काढली आणि भडाभडा बोलायला लागली. एप्रिलमध्येच मी लेखी दिलं होतं. ही बघा तारीख. हे बघा नाव. मी सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नाही. चिठ्ठी मी लावली नव्हती, पानावर फोटो मी टाकला नव्हता. बोलता बोलता तिला रडू आलं, राग आला, सगळं एकदम आलं. चार वर्षांची नोकरी, बाप, श्रेया, सगळं तिने त्या तांदळाच्या सुपापुढे ओतलं.

रखमाला वाचता येत नव्हतं. तिने कागद हातात घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि जपून परत दिला.

"म्हणजे तुला ठावूक होतं," ती म्हणाली. हितेंद्र शहाचंच वाक्य, पण तिच्या तोंडात ते वेगळं होतं. त्यात पकडण्याचा भाव नव्हता. ती फक्त समजून घेत होती.

"हो, काकी."

"ती चिठ्ठी केवढी होती?"

दीपिकाने बोटांनी दाखवलं. एवढीशी, माचिसच्या पेटीपेक्षा जरा मोठी.

"तुझ्या हाताला पोचत होती?"

"हो."

रखमाने एक खडा काढून बाजूला टाकला. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"मग बाय, सहा महिने समोर होती, तर एक दिवस जाता जाता फाडून का नाय टाकलीस? कागद कशाला लिवत बसलीस?"

दीपिकापाशी उत्तरं खूप होती. साहेबांनी राहू दे म्हटलं होतं. रात्रपाळीवाले ओरडले असते. पूजेच्या वस्तूंना हात लावायची सवय नव्हती. पण रखमा तिच्याकडे बघत होती आणि मधे टॉवेल घातलेलं ते मशीन होतं.

"जानेवारीत कायम करणार होते, काकी," ती म्हणाली. "साहेबांना दुखवायचं नव्हतं."

रखमाने मान हलवली. कळलं, अशी. मग ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली, आणि दीपिका तिथे बराच वेळ बसून राहिली. उठून जायला रखमाने सांगितलं नाही, आणि थांब असंही म्हटलं नाही.